विश्लेषण : महात्मा फुले यांचा जंगल खात्याला विरोध का होता? जुन्नर-ओतूरशी त्याचा काय संबंध?

मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि जातिव्यवस्थेवरील प्रहार यांसाठी महात्मा जोतीराव फुले सर्वांना परिचित आहेत. मात्र माती, पाणी, कुरणे आणि जंगल यांचाही त्यांनी बारकाईने विचार केला होता. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तो आढळतो. त्यांचे जुन्नर परिसराशी नाते काय होते आणि त्यांनी मांडलेला प्रश्न आज कुठे आहे, याचा हा आढावा.

जोतीरावांचे शेतीशी नाते काय?

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. माळ्याच्या घरात वाढल्याने वाफे, पाट, खत, मोट हे शब्द त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला.

उपजीविकेसाठी ते ठेकेदारी करत. खडकवासला धरणाच्या कामाशीही त्यांचा ठेकेदार म्हणून संबंध होता. पुढे मांजरी येथे जमीन घेऊन त्यांनी कालव्याच्या पाण्यावर बागायत केली. त्यामुळे पाणी अडवणे, ते शेतापर्यंत नेणे आणि सरकारी खात्याशी व्यवहार करणे, या तिन्हींचा त्यांना अनुभव होता.

जुन्नर-ओतूरशी संबंध कसा आला?

१८७६ मध्ये पावसाने दगा दिला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सत्यशोधक कार्यकर्त्यांनी गावोगावी मदतीचे काम सुरू केले. सावित्रीबाई फुले त्या काळात ओतूरला होत्या. तेथून २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. कोरडी पडलेली नदीपात्रे, तडफडून मरणारी जनावरे, गाव सोडून निघालेली माणसे आणि सावकारांचा जाच यांचे वर्णन त्यात आहे. जुन्नर तालुक्याची अवस्था अशी घरातूनच जोतीरावांपर्यंत पोहोचत होती.

ओतूर हे सत्यशोधकांचे महत्त्वाचे केंद्र बनले. येथील काही कुटुंबांनी भटजीशिवाय लग्ने लावली आणि तो वाद न्यायालयात गेला. १८८० च्या दशकाच्या मध्यास जुन्नर भागातील कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायला नकार दिला, तेव्हाही सत्यशोधक त्यांच्या पाठीशी होते. ‘असूड’ लिहिताना जोतीरावांनी त्याचे भाग मुंबई, पुणे, ठाणे अशा शहरांप्रमाणेच जुन्नर आणि ओतूर येथेही लोकांना वाचून दाखवले होते. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांनाच ते आधी ऐकवले गेले.

त्या वेळी जंगलाबाबत काय बदलले होते?

इंग्रज सरकारने १८६५ मध्ये पहिला वन कायदा केला. १८७८ च्या कायद्याने सरकारची पकड आणखी घट्ट झाली. राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी वर्गवारी करण्यात आली. राखीव जंगलात चराई, लाकूडफाटा, पालापाचोळा यांवरचे गावाचे पूर्वापार हक्क सरकारच्या मर्जीवर आले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध एवढा असंतोष पसरला की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला.

सह्याद्रीतील भातशेती करणाऱ्यांसाठी हा मोठा घाव होता. भाताचे रोप टाकण्याआधी फांद्या, पाला, गवत आणि शेण पसरून राब भाजावा लागतो. हे साहित्य रानातूनच येते. रान बंद झाले की खाचरातल्या पिकावरही त्याचा परिणाम होतो.

जोतीरावांचा आक्षेप नेमका काय होता?

जोतीरावांचे म्हणणे थोडक्यात असे होते. ज्यांची जमीन थोडी होती, ते शेतकरी पूर्वी आसपासच्या डोंगरांतून उंबर-जांभळासारखी फळे आणत. पाने, फुले आणि वाळलेला फाटा विकून मीठ-तेलाचा खर्च भागवत. गावच्या गायरानात एखाद-दुसरी गाय किंवा चार शेरडे पाळत. वाईट वर्ष आले तरी गाव सोडावे लागत नसे. नव्या खात्याने डोंगर, टेकड्या, पडीक जमिनी आणि गायरानेही जंगलात घेतली. शेरडांना चरायला जागा उरली नाही आणि अल्पभूधारकाचा आधार तुटला.

दुसरा मुद्दा मातीचा होता. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडे आणि चरणाऱ्या जनावरांचे मलमूत्र पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत येते आणि जमिनीचा कस टिकवते, हे जोतीरावांनी स्पष्टपणे मांडले. जनावरे घटली की शेणखत घटते आणि खत घटले की जमीन नापीक होते. त्यांच्या दृष्टीने डोंगर, गुरे आणि शेत ही एकच साखळी होती. सरकारी खात्याने ती मधोमध तोडली, हा त्यांचा मूळ आक्षेप.

त्यांनी कोणते उपाय सुचवले?

‘असूड’च्या शेवटच्या भागात उपायांची यादीच आहे.

• रिकाम्या वेळेत लष्कर आणि पोलिसांच्या मनुष्यबळाकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून घ्यावेत. पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे, मग ओढ्या-नाल्यांना मिळावे.
• भूगर्भातील पाण्याचे झरे जाणकारांकडून शोधून घ्यावेत आणि विहिरी खोदणाऱ्यांना सरकारने मदत करावी.
• नद्या आणि तलावांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना मोफत नेऊ द्यावा.
• जंगलात घेतलेली गायराने गावांना परत द्यावीत. गावकऱ्यांना सरपण नेऊ द्यावे, मात्र इमारती लाकूड तोडण्यास मनाई असावी.
• जुलमी जंगल खाते बंद करावे.

यातील चौथी सूचना महत्त्वाची आहे. झाडे वाटेल तशी तोडू द्या, असे जोतीराव म्हणत नव्हते. गावाचा वापर आणि व्यापारी तोड यांत ते फरक करत होते.

जोतीराव जुन्याचे समर्थक होते का?

नाही. परदेशातील उत्तम जातीची मेंढरे आणावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शास्त्रीय शिक्षण मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढेही त्यांनी प्राथमिक शाळांत शेतीचे ज्ञान देण्याची मागणी केली. नवे ज्ञान त्यांना हवे होते. ते सरकारी दप्तरात अडकू नये, शेतकऱ्याच्या हाती यावे, एवढीच त्यांची अट होती.

त्यांच्या विचाराला मर्यादाही होती. ‘असूड’मधला शेतकरी मुख्यतः कुणबी, माळी आणि धनगर आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या रानाशी असलेल्या नात्याची स्वतंत्र मांडणी त्यात नाही.

पुस्तकाचे पुढे काय झाले?

‘असूड’चे सुरुवातीचे भाग ‘दीनबंधु’ या सत्यशोधकांच्याच पत्रात छापून आले. पुढील मजकूर फार जहाल वाटल्याने छपाई थांबली. संपूर्ण पुस्तक त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. मे १८८८ मध्ये मुंबईत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज हा प्रश्न कुठे आहे?

पुणे-नाशिक रस्त्यावरील पेठ, मंचर, नारायणगाव परिसरात आज ऊस, भाजीपाला आणि द्राक्षे दिसतात. पश्चिमेला घोड, मीना आणि कुकडी या नद्यांच्या उगमाकडे गेले की उतारावरची भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि १९८५ मध्ये जाहीर झालेले भीमाशंकर अभयारण्य लागते. येथील आदिवासी गावांत उतारावर बांध घालून खाचर तयार करण्याचे काम एकमेकांच्या मदतीने होते. त्याला पडकई म्हणतात. पाणी शेतात मुरावे आणि माती वाहून जाऊ नये, हाच तिचाही हेतू.

२००६ च्या वन हक्क कायद्याने गावाला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. हिरड्यासारख्या गौण वनोपजावरची मालकीही मान्य केली. गायरान आणि रान गावाकडे असावे, ही जोतीरावांची मागणी कायद्यात उतरायला १२० हून अधिक वर्षे लागली. आता तो हक्क प्रत्यक्ष वापरण्यासाठी ग्रामसभेने दावा दाखल करणे, तो मंजूर करून घेणे आणि व्यवस्थापनाचा आराखडा करणे आवश्यक असते. रानाची राखण करणाऱ्या गावाला रानाबाबत निर्णय घेण्याचा अधिकार किती मिळतो, हे त्यावरूनच ठरणार आहे.