शिट्टी ऐकणारा मासा

माशांना काय कळतंय, असे आपण सहज म्हणून जातो. कार्ल फॉन फ्रिश हा माणूस तसे म्हणणाऱ्यांपैकी नव्हता. जग त्याला ओळखते ते मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारा म्हणून. १९७३ साली नोबेलही मिळाले. मला मात्र त्याचे मासेच जवळचे वाटतात.

जन्म १८८६चा, व्हिएन्नातला. वडील शल्यविशारद, हा मात्र वैद्यक अर्ध्यावर टाकून प्राणिशास्त्राकडे वळला. मासे ठार रंगांधळे असतात, असे तेव्हा हेस नावाचा बडा नेत्रतज्ज्ञ सांगत होता. फ्रिशने मिनो जातीच्या बोटभर माशांना एका रंगापाशी खाऊ घालायची सवय लावली. पुढे खाऊ नसतानाही ते करड्या छटा सोडून नेमके त्याच रंगाकडे धावू लागले. हेस अखेरपर्यंत बधला नाही, ती गोष्ट वेगळी.

मग बहिरेपणाचा प्रश्न आला. १९२३ साली फ्रिशने एका लहानशा, मिशाळ कॅटफिशची हकिगत प्रसिद्ध केली. माणूस दिसून मासा बाहेर येतो, अशी शंका उरू नये म्हणून त्याची दृष्टीच काढून घेतली होती. (हे वाचताना माझा हात थांबतो. तो काळच तसा होता, एवढ्याने समाधान होत नाही.) आधी शिट्टी, मग घास. थोड्याच दिवसांत तो आंधळा मासा नुसत्या शिट्टीवर नळीतून बाहेर येऊ लागला. त्याला आनंद होत होता का? फ्रिशने तसा दावा केला नाही. मासा काय करतो तेवढेच तो सांगे.

१९३८ साली त्याच्या ध्यानात आले, की जखमी मिनो कळपात सोडला की बाकीचे घाबरून पळतात. फाटलेल्या कातडीतून पाण्यात उतरणारे द्रव्य ही भीती पसरवत होते. पुढे नाझी राजवटीत आजीच्या ज्यू वंशामुळे फ्रिशची स्वतःची नोकरी जायची वेळ आली. मधमाश्यांच्या रोगावरचे काम सरकारला हवे होते, म्हणून तो तरला.

फ्रिश १९८२ साली वारला. २०१५ साली झेब्राफिशना, म्हणजे आपल्या गंगेच्या खोऱ्यातल्या आणि दुकानोदुकानी मिळणाऱ्या त्या पट्टेरी माशांना, थोडा वेळ जाळीत कोंडून सोडले, तर ते ऊबदार पाण्यात जाऊन राहिले. अंगाचे तापमान २ ते ४ अंशांनी चढले. मनावरच्या ताणाने माणसालाही असा ताप येतो. मासा वेदना अनुभवतच नाही, असे म्हणणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. त्यांचा मुद्दा असा, की मेंदूचा जो बाह्य थर आपल्याला जाणीव देतो तो माशाला नाही. पण २०११ साली सर्जनफिशच्या टाकीत सफाई करणाऱ्या माशाची हलती प्रतिकृती ठेवली, तेव्हा ते आपण होऊन तिच्यापाशी अंग घासून घ्यायला गेले आणि त्यांच्या शरीरातले ताणाचे संप्रेरक उतरले. याला मी सुख म्हणतो. फ्रिशने कदाचित आणखी एक प्रयोग करून पाहिला असता.