टिंडल मास्तरांची पितळी नळी

झरोक्यातून आलेल्या कवडशात धुळीचे कण तरंगताना दिसतात. शालेय विज्ञानाच्या पुस्तकात त्याला 'टिंडल परिणाम' म्हणतात आणि व्याख्या पाठ केली की परीक्षेत गुण मिळतात. त्याच मुलांना आणखी काही पानांनंतर, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प पृथ्वीची उष्णता अडवतात, हेही शिकवले जाते. मात्र ही दुसरी गोष्ट प्रयोगशाळेत मोजून दाखवणारा माणूसही हाच टिंडल, हे सहसा सांगितले जात नाही. मूळचा तो शाळामास्तर होता, हे तर नाहीच.

जॉन टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यात झाला. वडील पोलीस खात्यात साधे शिपाई होते. गावच्या शाळेत गणित आणि भूमापन शिकून टिंडल १८३९ मध्ये सरकारी मोजणी खात्यात लागले. पुढे इंग्लंडमध्ये बदली झाल्यावर वेतन आणि वागणुकीविरुद्ध आवाज उठवला म्हणून १८४३ मध्ये त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. मग रेल्वेच्या भरभराटीच्या काळात काही वर्षे त्यांनी लोहमार्गांची मोजणी केली. ती लाट ओसरू लागली तेव्हा, १८४७ मध्ये, ते हॅम्पशायरमधील क्वीनवुड कॉलेज या निवासी शाळेत शिक्षक झाले.

ही शाळा त्या काळी जगावेगळी होती. मुलांनी विज्ञान हाताने करून शिकावे म्हणून तेथे प्रयोगशाळा होती. इंग्लंडमध्ये अशा शाळा मोजक्याच होत्या. टिंडल यांनी भूमिती शिकवताना युक्लिडचे पुस्तक बाजूला ठेवले आणि मुलांना स्वतः सोडवण्यासाठी नवनवी कोडी दिली. त्या कोड्यांच्या आकृत्या मुलांनी भिंतींवर, एवढेच काय, खेळाच्या मैदानातील लाकडी खांबांवरही कोरल्या, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. स्वतः शोधून काढलेले मूल विसरत नाही, हा धडा त्यांनी तेथे घेतला. १८४८ मध्ये साठवलेल्या पैशांवर ते सहकारी शिक्षक एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर जर्मनीला गेले, मारबुर्ग येथे बुन्सेन यांच्या हाताखाली शिकले, डॉक्टरेट मिळवून पुन्हा त्याच शाळेत परतले. १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. तेथे मायकेल फॅरडे यांचा सहवास लाभला.

आल्प्समधील हिमनद्यांनी त्यांना वेड लावले होते. ते नामांकित गिर्यारोहकही होते. १८६१ मध्ये वाइसहॉर्न शिखरावर पहिले पाऊल त्यांच्याच तुकडीचे पडले. कधी काळी हे बर्फ दूरवर पसरलेले होते, मग ते मागे का हटले, हा प्रश्न त्या काळच्या वैज्ञानिकांना छळत होता. हवेतले वायू उष्णता अडवतात, असा तर्क फ्रान्सच्या फूरिए यांनी केला होता. पण मोजले कोणी नव्हते. १८५९ च्या मे महिन्यात टिंडल यांनी ते काम हाती घेतले.

एक लांब पितळी नळी. तिच्या दोन्ही तोंडांना सैंधव मिठाचे पारदर्शक तुकडे, कारण काच ही उष्णता अडवते, सैंधव अडवत नाही. एका बाजूला उकळत्या पाण्याचे भांडे, दुसऱ्या बाजूला उष्णतेपासून क्षीण विद्युतप्रवाह निर्माण करणारे उपकरण आणि तो दाखवणारी सुई. सुई मात्र ऐकेना. तिच्या तारेवरील हिरव्या रेशमात लोहाचा अंश होता, त्याने ती भरकटत होती; पांढरे रेशीम वापरावे लागले. अशा अनेक कटकटींनंतर उत्तर आले. ऑक्सिजन आणि नायट्रोजन, म्हणजे जवळपास सगळी हवा, उष्णता जवळजवळ विनाअडथळा जाऊ देते. अत्यल्प प्रमाणात असलेले बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मात्र ती शोषून घेतात. नदीवर बांध घातला की पाण्याची पातळी वाढते, तसे हे वायू पृथ्वीचे तापमान वाढवतात, असा दृष्टांत त्यांनी दिला. त्यांचे प्रमाण बदलले तर हवामान बदलेल, हेही १८६१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यांच्या डोळ्यांसमोर हिमयुगे होती, गिरण्यांची धुराडी नव्हेत. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलल्यास पृथ्वीचे तापमान किती बदलेल याचा हिशेब पुढे १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी मांडला.

न्यायाचे एक सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या युनिस फूट यांनी १८५६ मध्येच, उन्हात ठेवलेल्या काचेच्या नळ्यांत कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त तापतो, हे दाखवले होते. टिंडल यांना ते ठाऊक होते का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पृथ्वीतून बाहेर पडणारी अदृश्य उष्णता वेगळी करून मोजण्याचे श्रेय मात्र टिंडल यांचेच.

लंडनमध्ये नाव झाले तरी त्यांच्यातला मास्तर निवृत्त झाला नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्याने होत. १८६१ ते १८८४ या काळात टिंडल यांनी ही व्याख्यानमाला बारा वेळा गुंफली. १८७१ च्या नाताळात विषय होता बर्फ, पाणी, वाफ आणि हवा. त्यातून पुढच्याच वर्षी मुलांशी बोलावे तसे लिहिलेले पुस्तक निघाले. हवा, ढग, नदी, हिमनदी ही एकच साखळी आहे, असे त्यात उलगडत जाते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शाळांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. विषय आला, वह्या भरल्या, प्रकल्पांना पुठ्ठ्याची आवरणे चढली. वायूंची नावे मुलांना तोंडपाठ आहेत. ती कशी कळली, हे विचारले तर वर्ग गप्प बसतो. टिंडल यांच्या वर्गात नेमकी याच प्रश्नाने सुरुवात झाली असती.

१८७६ मध्ये लुईझा हॅमिल्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उतारवयात निद्रानाशाने ते त्रस्त होते. ४ डिसेंबर १८९३ रोजी लुईझा यांच्या हातून नेहमीच्या मॅग्नेशियाऐवजी झोपेच्या औषधाची मोठी मात्रा दिली गेली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यानंतर सुमारे सत्तेचाळीस वर्षे लुईझा पतीची पत्रे आणि रोजनिश्या गोळा करत राहिल्या. चरित्र त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लुईझा यांना जाऊन पाच वर्षे झाली होती. ती पितळी नळी मात्र लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवली आहे.