‘पिशवी’चा प्रश्न आणि दुसरे कर्वे

पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीला गेलेल्या आपल्या बीडच्या पोरापोरींना कर्वे रोड सांगावा लागत नाही. हा रस्ता महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावाचा. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, 1958 मध्ये वयाच्या शंभरीत मिळालेलं भारतरत्न, हे सगळं तुम्ही सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात घोटलेलं असतं. पण त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव विचारलं तर? ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा पाहिलेले एखाद-दोघे सोडले तर बाकीचे गप्पच बसतील.

त्या मुलाचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे र. धों. आज त्यांच्याविषयी सांगायचंय. आणि ते बीडमध्ये बसूनच सांगायला पाहिजे असं वाटतं, त्याला कारण आहे.

कारण तुम्हालाही माहीत आहे, फक्त आपण ते मोठ्याने बोलत नाही. दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारकडची गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कारखान्याचा रस्ता धरायचा. फडात पाळी आली, पोटात कळा आल्या म्हणून बसता येत नाही, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. मग अंगावरून जातंय म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि तिला सांगितलं जातं, की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. दोन-तीन लेकरं झालेली असतात. आता पिशवी ठेवून करायचंय काय, असं घरचेही म्हणतात आणि ती बाईही म्हणते. 2019 मध्ये हे प्रकरण देशभर गाजलं. राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82 हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. यातल्या कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या.

त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली. नियम आला, बरं झालं. पण नियमाच्या खाली जे गृहीत धरलेलं आहे ते तसंच आहे: लेकरं झाली की पिशवीचं काम संपलं. डॉक्टरीच्या हिशेबाने हे खोटं आहे. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर पंचविशी-तिशीतल्या बाईची पाळी एकदम कायमची जाते, अंगातून वाफा येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. बीजकोष ठेवले तरी ते वेळेआधी थकण्याचा धोका असतो. हे त्या बाईला आधी कोणी सांगितलं होतं का, हा खरा प्रश्न आहे. रधोंनी अख्खं आयुष्य याच प्रश्नावर घालवलं.

त्यांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई गेल्या. दोन वर्षांनी, 1893 मध्ये, वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरूड गावाने कुटुंबावर बहिष्कार टाकला. अकरा वर्षांच्या पोराने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. रूढी म्हणजे काय, ती मोडल्यावर काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पोरगा हुशार होता. 1899 मध्ये मॅट्रिकला पहिला आला. पुढे फर्ग्युसन कॉलेज, मग वडिलांसारखंच गणित शिकवायची नोकरी. गणित ही गोष्ट इथे मला महत्त्वाची वाटते. तुम्ही दहावीला भूमिती शिकलात ना? त्यात सुरुवातीला काही गृहीतकं असतात, ती सिद्ध करायची नसतात, मान्य करायची असतात. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याय या दोघांनी युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक बदलून पाहिलं, तर गणित कोसळलं नाही, उलट नवी भूमिती उभी राहिली. गणिताच्या माणसाला हे ठाऊक असतं, की गृहीत धरलेली गोष्ट खरीच असते असं नाही, आपण फक्त तिथून सुरुवात केलेली असते. रधोंनी तीच नजर समाजाकडे वळवली, असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धानंतर ते गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेले. येताना गणिताबरोबर आणखी एक विषय घेऊन आले, तो संततिनियमनाचा. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लक्षात घ्या, मेरी स्टोप्स बाईंनी लंडनमध्ये आपला प्रसिद्ध दवाखाना उघडला तेही 1921 सालच. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. फरक एवढाच, की इथे हे काम एक गणिताचा मास्तर करत होता आणि सोबतीला बायको मालतीबाई होत्या. त्या काळात गोळी नव्हती, ती 1960 मध्ये अमेरिकेत आली. होती ती रबराची साधनं, तीही महाग आणि चोरून घ्यायची. साधन कसं वापरायचं हे सांगणारा मराठी माणूस म्हणजे जवळपास हे एकटेच. 1923 मध्ये त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं. स्वतः नवरा-बायकोने मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं. लग्न झालं की वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे असं आजही ज्या घरांत धरलं जातं (तुमच्या घरात नसेल तर तुम्ही नशीबवान), त्यांनी विचार करून बघावा, की शंभर वर्षांपूर्वी मालतीबाईंना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल.

रधों तेव्हा मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते. कॉलेज मिशनऱ्यांचं. प्राध्यापकाने असले उद्योग करावेत हे त्यांना चालणारं नव्हतं. काम सोडा नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली. 1925 मध्ये नोकरी गेली. त्यानंतर घरात पैशाची ओढाताण कायमची झाली.

नोकरी गेल्यावर माणूस जरा शांत होईल असं वाटतं ना? यांनी मासिक काढलं. 15 जुलै 1927 रोजी ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन, विवाहसंस्था, अंधश्रद्धा यांवर लेख. लिहायचं बहुतेक यांनीच, मुद्रितं यांनीच तपासायची, तोटाही यांनीच सोसायचा. वाचकांची पत्रं येत आणि जे प्रश्न माणूस जिवलग मित्राला विचारायला लाजतो त्यांची उत्तरं छापून येत.

त्यातला एक प्रश्न आजच्या मुलांच्याही ओळखीचा आहे. बसस्टँडच्या भिंतीवर, रेल्वेच्या डब्यात, आता मोबाइलच्या जाहिरातींत ‘कमजोरी’वर हमखास इलाज सांगणारे असतात. हस्तमैथुनाने माणूस खंगतो, वेडा होतो, हा समज त्यांचं भांडवल. हा समज आपला एकट्याचा नाही. 1760 च्या सुमारास टिसो नावाच्या स्विस डॉक्टरने यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं आणि युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी पुढे शंभरेक वर्षं ते खरं मानलं. म्हणजे समज चुकीचा असायला अडाणीच असावं लागतं असं काही नाही, डिग्रीवालेही पिढ्यान्‌पिढ्या चुकतात. रधोंनी मराठीत सरळ छापून टाकलं, की याने काही होत नाही. आज कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. तेव्हा मात्र यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

पहिला खटला 1931 चा, व्यभिचारावरच्या लेखाबद्दल. आरोप अश्लीलतेचा, दंड 100 रुपये. दुसरा 1934 चा, आणि या वेळी वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरंच अश्लील ठरवली गेली होती. त्यांच्या बाजूने उभा राहिलेला वकील कोण होता? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन थोडाच काळ लोटला होता, बाबासाहेब देशाच्या राजकारणाच्या ऐन मध्यावर होते आणि तरी एका बदनाम मासिकाची केस त्यांनी घेतली. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही आणि लोकांच्या मनातला गैरसमज घालवायचा तर ज्ञानच द्यावं लागतं, अशी त्यांची मांडणी होती. कोर्टाला पटलं नाही. 200 रुपये दंड झाला. केस हरली.

बाबासाहेबांनी हा विषय तिथेच सोडला नाही, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1938 मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो पी. जे. रोहम यांनी मांडला आणि बहुमताने फेटाळला गेला. बाळंतपणात बाईचा जीव जातो, ते नको असेल तर नाही म्हणण्याचा अधिकार तिला असला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. दुसरीकडे गांधीजींचा कृत्रिम साधनांना ठाम विरोध होता, संयम हाच त्यांच्या मते एकमेव मार्ग. 1935 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई त्यांना भेटायला वर्ध्याला आल्या, बरीच चर्चा झाली, पण गांधीजी मूळ भूमिकेवरून हटले नाहीत. म्हणजे रधोंच्या विरोधात फक्त सनातनी होते असं समजू नका. सनातनी, मिशनरी, इंग्रजांचं कोर्ट आणि देशाचा सगळ्यात मोठा नेता, असे सगळे एका बाजूला होते.

इतरांचं संततिनियमन आणि रधोंचं संततिनियमन यात फरक आहे, आणि बीडच्या दृष्टीने तोच कामाचा आहे. बाकीचे लोकसंख्या आणि गरिबीची भाषा बोलत. सँगर आणि स्टोप्स यांच्या बोलण्यात तर कोणाला मुलं व्हावीत आणि कोणाला होऊ नयेत असा वंशसुधारणेचा सूरही होता आणि त्यावर आज रास्त टीका होते. रधोंचा भर बाईवर होता. शरीर तिचं, म्हणून मूल कधी, किती आणि हवं की नको हे तिने ठरवायचं. एवढंच नाही, शरीरसुखावरही तिचा पुरुषाइतकाच हक्क आहे, असं ते लिहीत. 1930 च्या सुमाराला हे मराठीत छापणं म्हणजे काय, याची कल्पना करा. आपला बीड जिल्हा तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

आता आकडा बघा. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली होत्या 807. राज्यात सगळ्यात कमी. पुढच्याच वर्षी परळीचं गर्भलिंगनिदानाचं प्रकरण उघड झालं. सोनोग्राफीचं यंत्र आलं, शस्त्रक्रिया सोपी झाली, साधनं गावातल्या आशाताईंकडे मिळायला लागली. रधोंनी ज्याची स्वप्नं पाहिली त्याहून कितीतरी जास्त विज्ञान आपल्या जिल्ह्यात पोचलं. पण ठरवणारा माणूस बदलला नाही. मुलगी नको हे सासर ठरवतं, पिशवी काढायची हे डॉक्टर आणि मुकादमाचा खाडा मिळून ठरवतात. आणि सॅनिटरी पॅड मेडिकलवाला आजही काळ्या पिशवीत घालून, वर गाठ मारून देतो.

रधों माणूस म्हणून गोड नव्हते. फटकळ होते, देव-धर्म-लग्न यांतलं काहीही सोडायचे नाहीत, समोरच्याला सांभाळून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. थोडं मवाळ लिहिलं असतं तर जास्त लोकांपर्यंत पोचले असते का? शक्य आहे. मला मात्र वाटतं, मवाळ लिहिणाऱ्याने ही उत्तरं छापलीच नसती. त्यांच्या मागे लोक कमी होते, पण कामाच्या होत्या. नात्यातल्या शकुंतला परांजपे यांनी पुण्यात संततिनियमनाचं काम हातात घेतलं आणि पुढे बरीच वर्षं चालवलं. त्यांची मुलगी म्हणजे सिनेमावाल्या सई परांजपे.

1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत जगातला पहिला देश. ज्या गोष्टीसाठी एका प्राध्यापकाची नोकरी गेली होती, तीच आता सरकारची योजना झाली होती. रधों तेव्हा सत्तरीचे होते आणि मासिक चालूच होतं. 14 ऑक्टोबर 1953 रोजी ते गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा नोव्हेंबरचा अंक निघाला, आणि 26 वर्षं चाललेलं ते मासिक बंद पडलं.