हेन्रिएटा लॅक्स: ज्यांच्या गाठीतून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कारण कळलं

पोलिओची लस असो की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची, दोन्हींच्या मागे एकाच बाईच्या पेशी आहेत. पण आपल्या शरीरातून काय घेतलं गेलं, हे हेन्रिएटा लॅक्स यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

कोण होत्या हेन्रिएटा?

१ ऑगस्ट १९२० रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रोआनोक इथं त्यांचा जन्म झाला. १९२४ मध्ये आई गेली आणि आजोबांनी त्यांना क्लोव्हर गावी वाढवलं. लहानपण तंबाखूच्या शेतात राबण्यात गेलं. १९४१ मध्ये डेव्हिड लॅक्स यांच्याशी लग्न झालं. पुढे हे कुटुंब बाल्टिमोरजवळ राहायला आलं. नवरा पोलादाच्या कारखान्यात कामाला, घरात पाच मुलं.

१९५१ मध्ये काय झालं?

अवेळी रक्तस्राव होऊ लागला म्हणून जानेवारी १९५१ मध्ये त्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. कृष्णवर्णीयांवर उपचार करणारी रुग्णालयं तेव्हा मोजकीच होती. इथंही त्यांच्यासाठी वॉर्ड वेगळे होते.

निदान झालं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं. तोही आत शिरलेला. त्या काळचा नेहमीचा उपचार म्हणजे रेडियम. रेडियम भरलेल्या नळ्या गाठीजवळ बसवल्या जायच्या. हेन्रिएटांवर तोच उपचार झाला, नंतर क्ष-किरणही दिले. तरी कॅन्सर पसरला. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, अवघ्या ३१व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

पेशींचं काय झालं?

रेडियम बसवण्याआधी डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून संशोधक जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. तो संशोधनासाठी वापरणार, हे हेन्रिएटांना कुणी सांगितलं नाही.

इतर रुग्णांच्या पेशी प्रयोगशाळेत थोड्याच दिवसांत मरायच्या. या मात्र साधारण दिवसाला दुप्पट होत राहिल्या. त्यांना नाव मिळालं 'हेला'. जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीच्या चाचणीत त्या वापरल्या गेल्या.

१९८०च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझन यांच्या गटाला याच पेशींमध्ये एचपीव्ही विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर या विषाणूमुळे होतो हे दाखवल्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

आज उपचार कुठे आहेत?

गाठीजवळून रेडिएशन देण्याची पद्धत आजही आहे, पण रेडियम मागे पडलं. आजार जास्त वाढलेला असेल तर बाहेरून रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन हे औषध देतात. १९९९ मध्ये मोठ्या चाचण्यांतून या जोडीचा फायदा दिसला.

कुटुंबाला काय मिळालं?

पेशी जिवंत असल्याचं घरच्यांना कळलं ते १९७३ मध्ये. हेन्रिएटांच्या कबरीवर नावाचा दगड बसला २०१० मध्ये. पेशींच्या व्यापारावरून वारसांनी थर्मो फिशर या कंपनीवर खटला भरला होता, त्यात २०२३ मध्ये तडजोड झाली.

त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही लस भारतात आली. ती ज्या चार प्रकारांपासून संरक्षण देते, त्यांत १८ क्रमांकही आहे. हेन्रिएटांच्या गाठीत होता तोच.