बाळकृष्ण शिवराम मुंजे

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे (१२ डिसेंबर १८७२, बिलासपूर – ३ मार्च १९४८, नाशिक) हे नेत्रशल्यचिकित्सक, राजकीय नेते, हिंदू महासभेचे अध्यक्ष आणि नाशिक येथील भोसला मिलिटरी स्कूलचे संस्थापक होते. भारतीय तरुणांना बंदूक चालवण्याचे रीतसर शिक्षण मिळावे यासाठी त्यांनी आयुष्यभर प्रयत्न केले.

शिक्षण आणि वैद्यकीय सेवा

मुंजे यांचा जन्म सध्याच्या छत्तीसगढमधील बिलासपूर येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्यांनी १८९८ साली वैद्यकीय पदवी घेतली आणि काही काळ मुंबई महानगरपालिकेत नोकरी केली. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध (१८९९–१९०२) सुरू झाल्यावर ते वैद्यकीय पथकातून तेथे गेले. परतल्यावर त्यांनी नागपुरात नेत्रचिकित्सेचा व्यवसाय सुरू केला. या विषयावर त्यांनी संस्कृत भाषेत ग्रंथही लिहिला.

बोअर युद्धात शिकारीच्या सवयीने नेमबाजीत तरबेज झालेल्या शेतकऱ्यांनी बलाढ्य ब्रिटिश सैन्याला जेरीस आणले होते. त्यातून धडा घेऊन ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकांसाठी छोट्या रायफलींचे क्लब मोठ्या संख्येने निघाले. भारतात मात्र १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा होता.

राजकीय कार्य

मुंजे हे लोकमान्य टिळकांचे अनुयायी होते. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपूरऐवजी सुरतेला हलवावे लागले, त्या वादात ते जहाल गटात होते. टिळकांच्या निधनानंतर १९२० साली ते डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांच्यासह पाँडिचेरीस गेले. नागपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद अरविंद घोष यांनी स्वीकारावे, अशी विनंती त्यांनी केली. ती अरविंदांनी मान्य केली नाही. महात्मा गांधींच्या अहिंसेच्या धोरणाशी मतभेद झाल्याने मुंजे हळूहळू काँग्रेसपासून दूर गेले. १९२७ ते १९३७ या काळात ते हिंदू महासभेच्या अग्रस्थानी होते. लंडनच्या गोलमेज परिषदेतही ते सहभागी झाले.

नेमबाजीचा पुरस्कार

मुंजे यांना स्वतःला शिकारीची आवड होती. नागपुरात त्यांनी रायफल असोसिएशन उभारली. केंद्रीय विधिमंडळात त्यांनी शाळा-महाविद्यालयांतील मुलांसाठी शारीरिक शिक्षण, कवायत आणि छोट्या रायफलीने नेमबाजी यांचा आग्रह धरला.

छोटी रायफल म्हणजे ०.२२ इंच व्यासाची बंदूक. तिची गोळी शिशाची असते. शिसे स्वस्त, मऊ आणि ३२७ अंश सेल्सियसला वितळणारे असल्याने साच्यात सहज ओतता येते. सैनिकी रायफलीतून गोळी सेकंदाला ७०० मीटरहून अधिक वेगाने सुटते. त्या वेगात उघडे शिसे नळीतील चक्राकार खाचांना चिकटते व नेम बिघडतो. म्हणून तिच्या गोळीवर कठीण धातूचे वेष्टन चढवतात. छोट्या रायफलीत वेग याच्या निम्म्याहून कमी असल्याने साधे शिसे पुरते. धक्का सौम्य, खर्च कमी आणि मैदान लहान असले तरी चालते. त्यामुळे शाळांसाठी हीच रायफल सोयीची ठरली.

१९३१ साली सरसेनापती फिलिप चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय सैनिकी महाविद्यालय समितीचे मुंजे सदस्य होते. पुढील वर्षी डेहराडून येथे इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली.

भोसला मिलिटरी स्कूल

अधिकारी होण्यासाठी लागणारी पूर्वतयारी शालेय वयातच व्हावी, या हेतूने मुंजे यांनी १९३५ साली सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. या संस्थेने १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. गंगापूर रस्त्यावरील तिचा परिसर रामभूमी या नावाने ओळखला जातो. नेहमीच्या अभ्यासक्रमाबरोबर कवायत, घोडेस्वारी आणि नेमबाजी यांना येथे स्थान देण्यात आले. शाळेसाठी निधी जमवण्यात मुंजे यांची अखेरची वर्षे गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदू तरुणांनी सैन्यात भरती व्हावे, असा प्रचार त्यांनी केला.

टीका

गोलमेज परिषदेहून परतताना १९ मार्च १९३१ रोजी मुंजे यांनी रोममध्ये बेनितो मुसोलिनीची भेट घेतली. तेथील बालिला ही युवक संघटना त्यांनी पाहिली आणि तिच्याविषयी आपल्या दैनंदिनीत अनुकूल नोंदी केल्या. या भेटीचा त्यांच्या संस्थांवर व हिंदुत्ववादी चळवळीवर प्रभाव पडल्याचे प्रतिपादन इटालियन संशोधक मार्झिया कासोलारी यांनी २००० साली केले. मुंजे यांच्या सैनिकी शिक्षणाच्या योजना एका धर्मसमुदायापुरत्या मर्यादित होत्या, अशीही टीका होते. सैन्यातील अधिकारपदे भारतीयांना मिळावीत ही मागणी मात्र त्या काळी विविध पक्षांचे नेते करीत होते.

निधन

३ मार्च १९४८ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी नाशिक येथे मुंजे यांचे निधन झाले. त्यांनी स्थापन केलेली शाळा नाशिकमध्ये आजही सुरू आहे.