मोलेसरशास्त्री

शब्दकोश हा ग्रंथ पहिल्या पानापासून कुणी वाचीत नाही, आणि म्हणूनच तो रचणाऱ्याचे नावही सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. शब्दकोश मोबाईलमध्ये आल्यापासून तर ते पहिले पानही दिसेनासे झाले. चौकोनात शब्द टाकावा, अर्थ वाचावा आणि पुढे जावे, एवढाच आपला व्यवहार. परंतु मी ज्या कोशात रोज डोकावतो, त्यामागे एका माणसाचे उभे आयुष्य आहे, हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या माणसाचे नाव जेम्स टॉमस मोल्सवर्थ. जन्म १७९५ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या लष्करात ते दाखल झाले तेव्हा त्यांचे वय आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांएवढेच होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि मराठी मुलूख कंपनीच्या हाती गेला. त्या सुमारास सोलापूर मुक्कामी असताना या तरुण अधिकाऱ्याने मराठी शब्द टिपून ठेवायला सुरुवात केली. राज्य करायचे तर रयतेची भाषा यायला हवी, ही कंपनी सरकारची गरज होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गरजेपुरती भाषा शिकणारे अधिकारी पुष्कळ होते. मोल्सवर्थ त्या गरजेच्या फार पुढे गेले.

पुढे सरकारने हे काम रीतसर त्यांच्याकडे सोपविले. टॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे बंधू मदतीला आले. यांतील टॉमस कँडी म्हणजे मराठीत विरामचिन्हे रुजविणारे तेच मेजर कँडी. मात्र दोघा-तिघा साहेबांच्या बळावर असा कोश होत नसतो. त्यांच्यासोबत आपली शास्त्रीमंडळी शब्द गोळा करीत होती, निवडीत होती, अर्थांचा खल करीत होती. याच काळात जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ पासून छापून निघू लागला. त्यात मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच दिलेला होता. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश त्यानंतर १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते.

एवढ्यावर कुणीही समाधान मानले असते. मोल्सवर्थ लगेच इंग्रजी-मराठी कोशाच्या मागे लागले. पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि १८३६ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. ते अपुरे काम टॉमस कँडी यांनी १८४७ साली तडीस नेले. मोल्सवर्थ यांच्या मनातून मात्र मराठी गेली नसावी. १८५१ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, ते पुन्हा समुद्र ओलांडून आले आणि आपल्याच कोशाची नव्याने झाडाझडती घेऊ लागले. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली होती. मराठी मंडळी त्यांना आपुलकीने मोलेसरशास्त्री म्हणू लागली. फौजेतल्या साहेबाला लोकांनी शास्त्री म्हणावे, याहून मोठी पदवी ती कोणती? पुढे ते इंग्लंडला गेले आणि १८७१ साली तेथेच वारले.

दुसरी आवृत्ती पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली पुन्हा छापली, आणि नंतर अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने तिला आपल्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात संगणकावर आणले. म्हणूनच ती आज कोंढ्यात बसून आपल्याला उघडता येते. तिची रीत मात्र जुनीच आहे. शब्दांवर तेव्हाचे अनुस्वार आहेत. आपण ‘करणे’ लिहितो, कोशात ते ‘करणें’ आहे, कारण अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचा नियम १९६२ चा. म्हणून शब्द मिळाला नाही तर शेवटचे अक्षर सोडून शोधावे. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, अरबीतून की हिंदुस्थानीतून, त्याची खूणही तेथे असते. शिवाय नुसता एक अर्थ देऊन मोल्सवर्थ थांबत नाहीत. शब्द कोणत्या वाक्प्रचारात कसा वळतो आणि कोणत्या म्हणीत बसतो, तेही ते सांगतात. इंग्रजी समजण्यासाठी मी हा कोश उघडला आणि मराठीच अधिक शिकलो, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. १८३१ साली आपला भंडारा मुंबई इलाख्यात नव्हता, तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले आणि ते राज्य खालसा झाले, तरी हा भाग मुंबईला जोडला गेला नाही. तो योग १९५६ साली आला. म्हणजे मोल्सवर्थ आणि त्यांचे शास्त्री जेथे वावरले, तो मुलूख मुख्यतः देश आणि कोकण. वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीत शब्द विचारायला त्यांच्यापैकी कोण येणार?

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्यापैकी पुष्कळांना घरची बोली वर्गात बोलायची लाज वाटते. बांधी, पऱ्हे, रोवणा, चुरणा, बोडी हे शब्द आपल्या आईवडिलांच्या तोंडी पावसाळ्यापासून धान घरी येईपर्यंत असतात. त्यांतला एखादा शब्द मोबाईलमधल्या कोशात सापडला नाही, किंवा भलत्याच अर्थाने सापडला, की तो अशुद्ध आहे अशी आपण समजूत करून घेतो. वास्तविक कोशात नसलेला शब्द अशुद्ध नसतो. तो विचारायला कुणी आलेले नसते, इतकेच. आपल्याच जिल्ह्यातील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या शब्दांचा कोश सिद्ध केला, तो याच जाणिवेतून, असे मला वाटते.

मोल्सवर्थ परके होते. त्यांना मराठी शब्द माणसांना विचारूनच मिळवावा लागला. आपल्याला तो घरातच मिळतो, म्हणून आपण विचारीत नाही. मित्रहो, येत्या रोवणीच्या दिवसांत आपण प्रत्येकाने एक साधी वही करावी. आजीच्या, रोवणाऱ्या बायांच्या, ढिवरांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा लिहावा, त्याचे लिंग, त्याचा अर्थ आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्यही लिहावे. हे करायला खिशातला मोबाईलदेखील पुरेसा आहे. त्यात आवाजही साठवता येतो, जी सोय मोलेसरशास्त्र्यांना नव्हती. पन्नास मुलांनी वीस-वीस शब्द आणले तर एका पावसाळ्यात हजार शब्द होतील. त्यांतले निम्मे सारखेच निघाले, तरी उरलेले पाचशे आपल्या मुलखाचे म्हणून कोशात जाण्याजोगे असतील.