लॅटिनचे तक्ते घोकून आलेला हिस्लॉप विदर्भाच्या जंगलातल्या गोंडीपर्यंत कसा पोहोचला?

नागपुरातल्या कुणालाही हिस्लॉप कॉलेज कुठंय विचारा, लगेच पत्ता सांगतील. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कित्येक घरांतली पोरंही तिथं शिकून गेली. पण ज्याच्या नावानं हे कॉलेज आहे तो हिस्लॉप कोण होता, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. फार तर कुणी म्हणेल, इंग्रजांच्या काळातला एक पाद्री होता.

पाद्री तर तो होताच. पण दगडांत अडकलेले लाखो वर्षांपूर्वीचे जीव शोधणारा भूगर्भ अभ्यासकही होता. आणि ज्या भाषेकडे तेव्हाच्या शिकलेल्या लोकांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्या गोंडीचे शब्द आणि एक अख्खी कथा त्यानं कागदावर उतरवून ठेवली.

स्टीफन हिस्लॉपचा जन्म 8 सप्टेंबर 1817 चा, स्कॉटलंडमधल्या डन्स या गावचा. शिक्षण एडिनबरा आणि ग्लासगोच्या विद्यापीठांत झालं. त्या काळी स्कॉटलंडमध्ये शिकायचं म्हणजे लॅटिनला पर्याय नव्हता. आपल्याकडे पाठशाळेत पोरं रामः रामौ रामाः घोकायची, तसे तिकडे लॅटिन क्रियापदांचे तक्ते पाठ करून घेतले जायचे.

हा तक्ता नेमका कसा असतो, ते एका क्रियापदावरून बघू.

लॅटिनमध्ये राहणे याला म्हणतात मनेरे. परमनंट नोकरीतलं परमनंट, मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या नावातलं मॅन्शन आणि इंग्रजीतलं रिमेन, हे तिन्ही शब्द याच मनेरेच्या खानदानातले. आता मनेरेतलं शेवटचं रे काढून टाका. उरलं मने. वर्तमानकाळ करायचा तर त्याला सहा शेपट्या लावायच्या :

मी राहतो : मनेओ
तू राहतोस : मनेस
तो राहतो : मनेत
आम्ही राहतो : मनेमुस
तुम्ही राहता : मनेतिस
ते राहतात : मनेन्त

झाला वर्तमानकाळ. मी, तू, तो हे शब्द वेगळे लावायची गरज नाही, कारण कोण राहतंय ते शेपटीच सांगून जाते. मराठीतही आपण नुसतं येतोस का म्हणतो, तेव्हा तू शब्द नसला तरी समोरच्याला कळतंच की.

असे तक्ते शिकलेला हा माणूस 1844 च्या शेवटी मुंबईत उतरला आणि 1845 च्या सुरुवातीला नागपुरात पोहोचला. नागपूरच्या गादीवर तेव्हा तिसरे रघुजी भोसले होते आणि चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर त्यांच्याच राज्यात होतं. त्याच्याही आधी काही शतकं चांद्यावर गोंड राजांचं राज्य होतं. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडनं हिस्लॉपला धर्मप्रचारासाठी पाठवलं होतं. 1846 मध्ये त्यानं नागपुरात शाळा काढली. आजच्या कॉलेजची मुळं त्या शाळेत आहेत.

लोकांशी बोलायचं तर मराठी यायलाच हवी, म्हणून तो मराठी शिकला. पण लॅटिनची सवय असलेल्या माणसाला मराठीचा वर्तमानकाळ थोडा दमवतोच. लॅटिनमध्ये तो राहतो आणि ती राहते या दोन्हींसाठी एकच रूप, मनेत. मराठीत मात्र तो राहतो, ती राहते, ते राहतं. एवढंच काय, मी म्हणतानाही पुरुष राहतो म्हणणार आणि बाई राहते म्हणणार. त्यात हा विदर्भ. इथं काय करून राहिला, कुठं जाऊन राहिली असं बोलतात. म्हणजे दुसऱ्या क्रियापदाला राहणे जोडून चालू वर्तमानकाळ तयार होतो. लॅटिनच्या तक्त्यात या करून राहिलाला जागाच नाही.

धर्मप्रचारासाठी हिस्लॉप गावोगाव फिरायचा. फिरता फिरता तो दगड फोडून बघायचा. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर आणि त्यानं मिळून नागपूरच्या आसपास जीवाश्मांचा मोठा साठा शोधला. वर्धा खोऱ्यातल्या मांगली गावाजवळ त्यांना एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. ती लंडनला गेली. डायनासोर हा शब्द ज्यानं तयार केला, त्या रिचर्ड ओवेननं तिचा अभ्यास करून नाव दिलं ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स. यातल्या लॅटिसेप्सचा अर्थ रुंद डोक्याचा. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, आज तेलंगणात असलेल्या मालेरीच्या खडकांतून एका प्राचीन माशाचे दात मिळाले. त्या माशाच्या नावातच हिस्लॉपचं लॅटिन रूप आलं, सेराटोडस हिस्लॉपियानस.

दगडांना लॅटिन नावं देणं सोपं होतं, कारण दगड बोलत नाहीत. गोंडी मात्र बोलणाऱ्या माणसांची भाषा होती.

गोंड लोक त्याला सगळीकडे भेटत होते. त्यांच्या साडेबारा शाखा असल्याची माहिती त्यानं लिहून ठेवली, त्यात कोलाम आणि माडियांचीही नोंद केली. पण ही भाषा शिकायची कशी? लॅटिनसाठी शतकानुशतकांची व्याकरणं होती, मराठीसाठी पंडित होते. गोंडी शिकायची तर बोलणाऱ्या माणसासमोर बसून एकेक शब्द विचारण्याशिवाय मार्ग नव्हता.

झाड दाखवून याला काय म्हणता असं विचारलं की शब्द मिळतो. पाणी, भात, वाघ, सगळ्यांचे शब्द असेच गोळा होतात. पण राहणे हे बोट दाखवून विचारता येत नाही. मी राहतो, तू राहतोस, ती राहते असं फिरवून फिरवून विचारावं लागतं आणि नेमकं काय बदललं ते पकडावं लागतं. शब्दांची यादी करणं आणि भाषा कळणं यातला फरक क्रियापदापाशी कळतो.

गोंडीतलंच एक क्रियापद घ्या. असणे किंवा राहणे यासाठी गोंडीत मूळ आहे मन. गावागणिक उच्चार थोडा बदलतो, पण वर्तमानकाळाची रूपं साधारण अशी :

मी आहे : मंतोना
तू आहेस : मंतोनी
तो आहे : मंतोर
ती आहे : मंता

आता लॅटिनचं मने आणि गोंडीचं मन शेजारी ठेवा. अर्थही जवळचा, आवाजही जवळचा. मग गोंडी लॅटिनची बहीण का?

तर नाही. हा निव्वळ योगायोग आहे. जगातल्या कुठल्याही दोन भाषांत असे दोनचार शब्द जुळतात. नातं ठरतं ते शब्द कसे बदलतात त्यावरून. गोंडीतली शेवटची दोन रूपं पुन्हा बघा. मंतोर हे पुरुषासाठी. मंता हे बाईसाठी, पण बैलासाठी आणि झाडासाठीही तेच. यात मानअपमान काही नाही, ती त्या व्याकरणाची विभागणी आहे. लॅटिनमध्ये अशी विभागणी नाही. मराठीत तीन लिंगं आहेत, पण त्यांची मांडणी वेगळी.

मग ही विभागणी सापडते कुठं? सिरोंच्याच्या बाजारात उभं राहा, तिथं तेलुगू कानावर पडेल. तो येतोय याला तेलुगूत वाडु वस्तुन्नाडु. ती येतेय याला आमे वस्तुन्नदि. आणि बस येतेय, बस्सु वस्तुन्नदि. बाईला आणि बसला एकच शेपटी. गोंडीची नाळ जुळते ती इथं. 1856 मध्ये रॉबर्ट काल्डवेल यांनी द्राविडी भाषांचं तौलनिक व्याकरण छापलं, तेव्हा तमिळ, तेलुगू, कन्नडच्या घराण्यात गोंडीलाही जागा दिली. चहूबाजूंनी मराठी आणि हिंदीनं वेढलेली भाषा मुळात दक्षिणेकडच्या कुटुंबातली निघाली.

हिस्लॉपनं शब्दांच्या याद्या केल्या, पण तो तिथंच थांबला नाही. गोंडांची वंशगाथा तोंडपाठ असणारे, ती गाऊन सांगणारे असतात परधान. एका परधानाच्या तोंडून त्यानं लिंगोची कथा उतरवून घेतली. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो कसा बाहेर आणतो, त्यांना शेती, देव आणि लग्नाचे नियम कसे देतो, याची ही गाथा. महादेव आणि पार्वतीही त्यात येतात. ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं कचारगड असं आज मानलं जातं आणि माघ पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. भाषेच्या दृष्टीनं बघितलं तर या गाथेत गोंडी क्रियापदं यादीत सुटी पडलेली नव्हती. माणसं येत होती, जात होती, बोलत होती, म्हणजे भाषा चालू स्थितीत कागदावर आली होती.

हे सगळं नीट मांडून पुस्तक करायचं राहून गेलं.

4 सप्टेंबर 1863. ऐन पावसाळा. मध्य प्रांताचा कारभार पाहणारे रिचर्ड टेंपल टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं बघायला आले होते आणि सोबत हिस्लॉपही होता. तिथली शाळा तपासायला तो मागं थांबला. संध्याकाळी घोड्यावरून एकटाच बोरीच्या मुक्कामाकडे निघाला. वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. हिस्लॉप त्यात बुडाला. चार दिवसांनी तो 46 वर्षांचा होणार होता.

मागं राहिले ते अर्धवट कागद. टेंपल यांनी ते जमवले, त्यांना टिपा जोडल्या आणि 1866 मध्ये नागपूरहून ते पुस्तकरूपानं छापून घेतले. मध्य प्रांतातल्या आदिम जमातींविषयीचा निबंध, शब्दांच्या याद्या आणि रोमन अक्षरांत गोंडी व सोबत इंग्रजी अर्थ दिलेली लिंगोची गाथा, असं सगळं त्यात होतं. 1890 मध्ये विल्यमसन यांनी गोंडीचं व्याकरण लिहिलं. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या 1906 मध्ये आलेल्या खंडातही गोंडी नोंदली गेली.

हिस्लॉप धर्म बदलायला आला होता हे विसरता येत नाही आणि त्याचं लिखाण त्याच चष्म्यातून झालेलं आहे. शिवाय कागद त्याचा असला तरी गाथा त्याची नव्हती. त्याच्या नावानं कॉलेज उभं राहिलं, खनिजाला आणि माशाला त्याचं नाव मिळालं. ज्या परधानानं ती गाथा सांगितली, त्याच्या नावानं मात्र कुठं पाटी नाही.

लॅटिन आज कुणाची मातृभाषा नाही, तरी मनेओ मनेस मनेत जगभरातल्या वर्गांत शिकवलं जातं. 2011 च्या जनगणनेत जवळपास 30 लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा असल्याचं सांगितलं, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. मुनशी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये तिच्यासाठी लिपी तयार केली होती. ती युनिकोडमध्ये यायला 2017 उजाडलं.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शाळेला सरकारी मान्यता नाही या मुद्द्यावरून प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. लॅटिनच्या तक्त्याला शाळेत जागा मिळवायला कधी कोर्टाची पायरी चढावी लागली नव्हती. मंतोना, मंतोनी, मंतोर, मंता हा तक्ता फळ्यावर लिहायला मात्र गोंडी बोलणाऱ्या पोरांच्या गावाला ती चढावी लागली.